गळ नंतर, आधी बूट

मासेमारी शिकायची तर आधी पाणी ओळखावं, मग मासा, मग गळ, असा जुन्या माणसांचा क्रम. आपण तो उलटा करू. पाणी ओळखायला चार पावसाळे जातात. बूट आठवड्याभरात घरपोच येतात आणि आवडले नाहीत तर परतही जातात. पाण्याला अशी सोय नाही.

विषय गमबुटाचा नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. गमबूट नागपूरच्या इतवारीत दुकानाबाहेर टांगलेला मिळतो. त्यात शिकण्यासारखं काही नाही आणि चारचौघांत दाखवण्यासारखं तर नाहीच नाही. शिवाय त्यात एकदा वरून पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही, आणि वाहत्या पाण्यात भरलेला गमबूट उचलून पुढचं पाऊल टाकणं धडधाकट माणसालाही जड जातं. म्हणून प्रवाहात उभं राहून गळ टाकणाऱ्यांनी वेगळा बूट काढला. तो घोट्याच्या वर येतो, बोटांवर टणक टोपी असते आणि कडेला भोकं असतात, म्हणजे आत आलेलं पाणी पावलागणिक बाहेर. शंभर डॉलरच्या बऱ्याच वर पैसे मोजून मुद्दाम भोकं पाडलेला बूट घेतला, हे घरी कसं सांगायचं याचं मार्गदर्शन मात्र या लेखात नाही.

यातला वरचा वर्ग म्हणजे सोल बदलता येणारा बूट. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली कॉर्कर्स ही कंपनी यासाठी ओळखली जाते. सोलचं पुढचं टोक बुटाच्या पोटातल्या खाचेत सरकवायचं, कडेच्या गुठळ्या अंगठ्यानं भोकांत दाबायच्या, आणि टाचेमागचा रबरी पट्टा ओढून अडकवायचा. बूट एकच, खाली फेल्ट लावा, रबर लावा, नाहीतर खिळे. नदी बदलली की सोल बदला, असा सगळा हिशेब.

इथे नागपूरकरानं छाती पुढे काढायला हरकत नाही. या बुटाची कुठल्या गावाला खरोखर गरज असेल तर ती आपल्या. दख्खनचा काळा कातळ पश्चिमेकडून पसरत येतो तो नागपुराशी येऊन संपतो, आणि पूर्वेला त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचे दगड सुरू होतात. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी काळ्या दगडाची, रामटेकचा डोंगर वेगळ्याच कुळाचा. हिंगण्याकडे वेणा नदीवर गेलात तर पायाखाली काळी माती, कन्हानला वाळू, पारशिवनीकडे पेंचच्या पात्रात गोलमटोल गोटे. म्हणजे सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत तीन सोल लागू शकतात. मासा लागेल की नाही, हा मुद्दा वेगळा.

आता सोल एकेक पाहू. फेल्टपासून सुरू करतो, कारण भांडणं सगळी त्याच्यावरून आहेत.

फेल्ट म्हणजे दाबून केलेला जाड नमदा, हल्ली बहुतेक कृत्रिम धाग्याचा. शेवाळलेल्या गोट्यावर रबर घसरतं, कारण रबर आणि दगड यांच्यामध्ये शेवाळाचा बुळबुळीत थर राहतो. फेल्टचे धागे त्या थरात घुसतात, दगडाच्या बारीकसारीक उंचवट्यांवर बसतात आणि धरून ठेवतात. ओल्या गोट्यावर त्याच्याइतकी पकड साध्या रबराला येत नाही, हे फेल्टचे शत्रूही मान्य करतात. शत्रू आहेत, कारण हाच नमदा पाणी आणि गाळ धरून ठेवतो, लवकर वाळत नाही, आणि एका नदीतले सूक्ष्म जीव दुसऱ्या नदीला पोचवतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ मध्ये डिडिमो नावाचं शैवाल सापडलं. ते दगडांवर मळकट लोकरीसारखं पसरतं आणि तळ झाकून टाकतं. तिथल्या सरकारनं २००८ मध्ये फेल्टचे सोल घालून नदीत उतरायला बंदी केली. अमेरिकेत मेरीलँडनं २०११ मध्ये तेच केलं. सिम्स या मोठ्या कंपनीनं तर स्वतःहूनच फेल्ट सोडून दिला होता. गिऱ्हाइकं घसरायला लागली, दोन्ही अर्थांनी, तेव्हा थोड्याच वर्षांत पुन्हा आणला.

वाळण्याच्या बाबतीत आपण सुदैवी. २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात गच्चीवर ठेवलेल्या फेल्टमध्ये कुठलं शैवाल तग धरेल असं वाटत नाही. पण त्याच गच्चीवर बुटाचा डिंकही तग धरत नाही, आणि वरचा भाग एका दिशेला, खालचा दुसऱ्या दिशेला तोंड करून बसतो. तेव्हा सावलीत, हवेवर वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय कन्हानचा बूट खिंडसी तलावावर नेऊ नका. जलपर्णीनं आणि बेशरमीच्या झुडपांनी आपले तलाव आधीच पुरेसे व्यापले आहेत, त्यात आपल्या पायानं भर नको.

रबराचा सोल हा सर्वसाधारण. खोल दातांचा असतो आणि दोन दातांमधला चिखल चालताना आपोआप गळून पडतो, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. ज्यानं लिहिलं त्याला एकदा श्रावणात वेणेकाठी आणलं पाहिजे. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी हीच माती पावसात पाय सोडत नाही. याला आपण गारा म्हणतो. गारा दातांत बसतो, त्यावर दुसरा थर, त्यावर गवताची काडी, त्यावर तिसरा थर, आणि काठापर्यंत पोचेतो तुम्ही तीन बोटं उंच झालेले असता. कुठल्याही कंपनीचा कुठलाही दात याला अपवाद नाही.

तलावाच्या गाळात तर खरी परीक्षा सोलची नसून त्या टाचेमागच्या रबरी पट्ट्याची असते. गुडघाभर गाळात पाय रुतला की खाली पोकळी होते आणि ती बुटाला ओढून धरते. अशा वेळी सरळ वर उपसू नये. टाच आधी हलवावी, पाऊल डावीउजवीकडे फिरवून कडेनं पाणी आत शिरू द्यावं, मग हळूच काढावं. घाईनं उपसलात तर तीन शक्यता आहेत: बुटासकट पाय वर येईल, सोल सोडून बूट येईल, किंवा दोन्ही सोडून पाय येईल. पहिली शक्यता जाहिरातीत दिसते.

याच गाळात ढिवर, म्हणजे इथले परंपरागत मच्छीमार, पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी उतरतात. पायाच्या बोटांनी तळ चाचपत जातात. खाली बेशरमीचा खुंट आहे, शिंपला आहे की चिखलात दडलेली मरळ, हे त्यांना पाय सांगतो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगावकडे ढिवर बायकांनी मामा तलावांतली, म्हणजे माजी मालगुजारी तलावांतली, बेशरम मुळासकट उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, मासे परत यावेत म्हणून. पदर खोचून, चिखलात उभं राहून केलेलं काम ते. त्यांना कुणी सोल बदलायचा बूट दाखवलेला नाही आणि दाखवायला मी तरी जाणार नाही. हा परिच्छेद खरेदीचा उत्साह घालवत असेल तर वगळून पुढे जावं.

खिळ्यांचा सोल. टंगस्टन कार्बाइडचे बारीक टोकदार खिळे रबरात बसवलेले असतात. काळ्या कातळावर शेवाळ असेल तर ते खरवडून पकड घेतात, आणि आवाज असा करतात की बांधावरची म्हैससुद्धा रवंथ थांबवून पाहते. मासे पाहायला थांबत नाहीत. कंप पाण्यातून त्यांना फार लवकर कळतो. एक नियम मात्र पाठ करा: खिळे घालून कुणाच्याही डोंग्यात पाय ठेवायचा नाही, आणि ट्यूबला तर शिवायचंही नाही. आपल्याकडे ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे पुष्कळ. त्या ट्यूबवर माणूस, जाळं आणि दिवसाची कमाई एकत्र असते. तिथे तुम्ही पाय टेकवलात तर पुढचं संभाषण मराठीत होईल, पण छापण्यासारखं होणार नाही.

मापाबद्दल. हे बूट एक नंबर मोठे घ्या असं सगळीकडे सांगतात, ते थंड देशांसाठी आहे. तिथे छातीपर्यंतचा पाणरोधक पायजमा घालतात, त्याला निओप्रीनचा जाड मोजा जोडलेला असतो आणि बुटात तो मावावा लागतो. नागपुरात असा पायजमा घालून मे महिन्यात उभे राहिलात तर गळाला मासा लागण्याआधी तुम्हाला ऊन लागेल. नुसत्या मोज्यावर मोठा बूट घातला की पाय आत पोहतो, टाच सोलवटते आणि कन्हानची वाळू आत जाऊन तिथेच संसार थाटते. आपल्या मापाचा बूट, जाड मोजा, आणि वर वाळू अडवणारी पट्टी, एवढं पुरे.

बूट दुकानातल्या चकचकीत फरशीवर घालून पाहण्यात अर्थ नाही. त्या फरशीवर मासे नसतात. चाचणी शेवाळलेल्या दगडावर हवी. रामटेकच्या अंबाळा तलावाच्या घाटाची आठवण कुणालाही होईल, पण तिथे पूजा आणि अस्थिविसर्जन चालतं. बूट घालून पायऱ्या उतरलात तर सोलऐवजी तुमचीच चाचणी होईल. त्यापेक्षा गावाबाहेरचा एखादा नाल्यावरचा बंधारा बरा, पावसाळा सरल्यावर, घोटाभर पाण्यात. काठी हातात असू द्या. प्रवाहाकडे कूस करून उभं राहावं, एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा उचलू नये, आणि पाय आडवा टाकताना दुसऱ्या पायावरून ओलांडू नये. हे मात्र गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

सोल सैल झाला तर परदेशी कंपनीला पत्रं लिहीत बसू नका, सीताबर्डीच्या फुटपाथवर जा. तिथल्या एका मोचीपुढे मी हा बूट ठेवला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, टाचेचा पट्टा दोनदा ओढून सोडला, सोल काढून नाकाशी नेला, अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं. मग म्हणाला, “सोल निंघते तं बूट कायचा जी हा?” मी सोय समजावून सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, आरीकडे हात नेला आणि विचारलं, “पक्का शिवून देऊ का मंग?” त्याच्या मागे टायर कापून केलेल्या सोलांची चळत होती. एकही सुटा नव्हता.

कुठे उतरायचं, हे थोडक्यात, कारण या बाबतीत बुटाचा फारसा उपयोग नाही. तोतलाडोहचं धरण विसरा, ते व्याघ्र प्रकल्पात आहे, मासेमारीला बंदी आहे आणि तिथल्या मगरींना सोलचे प्रकार माहीत नाहीत. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात. आधी संस्थेत जाऊन विचारायचं, पैसे असतील ते भरायचे. धरणाखालच्या पात्रात असाल आणि भोंगा वाजला तर सोल, गळ, डबा सगळं सोडून काठावर यायचं. कोलार आणि कन्हान नद्यांच्या काही पट्ट्यांत तळाशी आणखी एक थर भेटेल, करडा, मऊ, पायाला ऊबदार वाटेल असा. ती वीज केंद्राची राख. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटला तेव्हा ती लोटानं नदीकडे गेली. राखेसाठीचा सोल अजून कुणी काढलेला नाही; काढला तर पहिली मागणी आपल्याच जिल्ह्यातून जाईल.

राहता राहिला बर्फाचा सोल. कॉर्कर्सकडे तोही मिळतो आणि नवशिका तो घेतोच, संच अपुरा राहू नये म्हणून. नागपुरात बर्फ पायाखाली येतो तो फक्त मासोळी बाजारात. तेव्हा परतताना मंगळवारीत नाहीतर भोईपुऱ्यात उतरा. फरशीवर वितळलेलं पाणी, खवले, चिकट घाण. सोल इथे खरोखर कामाला येईल. बाई पावशीवरून मान वर करून बुटांकडे पाहील आणि विचारेल, “कोन्या तलावावर होते जी?” उत्तर देऊ नका. रोहूचे कल्ले लाल आहेत का पाहा, अंगावर बोट दाबा, खड्डा लगेच भरून आला तर घ्या. ओठाला गळाची खूण असलेला मागू नका. इथले सगळे जाळ्यातले असतात. घरी गळाला लागला म्हणून सांगायचं ठरलं असेल तर मुंडकं तिथेच ठेवून या. मात्र घरात मुंडक्याचा रस्सा आवडीनं खात असतील, तर मुंडकं कुठे गेलं हा प्रश्न दारातच येईल. त्याचं उत्तर सदरच्या सिग्नलला तयार करून ठेवा.