एका मुलाखतीचे काका

काकांनी आयुष्यात एकच मुलाखत दिली. १९८४ साली, बँकेतल्या क्लार्कच्या जागेसाठी. तीत ते पास झाले आणि त्या दिवसापासून मुलाखत या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. दहा मुलाखती देऊन नऊ ठिकाणी आपटलेला माणूस सल्ला देताना जरा तरी चाचरतो. काकांचा निकाल शंभर टक्के आहे.

असे काका डोंबिवलीत शोधावे लागत नाहीत. बिल्डिंगमध्ये कुणाचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की ते आपण होऊन येतात. कुणी बँकेतले, कुणी एलआयसीतले, कुणी मंत्रालयातून कक्ष अधिकारी होऊन निवृत्त झालेले. सगळे एका नोकरीला चिकटले ते केक कापूनच सुटले. नोकरी बदलायची वेळच आली नाही, त्यामुळे दुसऱ्या मुलाखतीत नाक कापून घ्यायचीही आली नाही.

यंदा त्यांच्या हाती लागली चौथ्या मजल्यावरची मुलगी. बीकॉम झालेली. ऐरोलीच्या एका कंपनीत बॅक ऑफिससाठी अर्ज केलेला आणि तो पुढे सरकलेला. तिची आई जिन्यात सहज बोलून गेली, "पहिलाच इंटरव्ह्यू आहे हो तिचा." काका म्हणाले, "उद्यापासून सकाळी सातला पाठवा."

पहिला धडा फाइलचा. "फाइल दाखव," काका म्हणाले. तिने फोन पुढे केला. काकांनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि परत दिला. मग कपाटातून स्वतःची फाइल काढली. हिरवी, नाडीची. सगळ्यात वर पिवळा पडलेला कॉल, खाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, मग एसएससी, मग टायपिंगचं सर्टिफिकेट आणि शेवटी हेडमास्तरांनी दिलेला वर्तणुकीचा दाखला. प्रत्येकाची ट्रू कॉपी, प्रत्येकीवर राजपत्रित अधिकाऱ्याचा गोल शिक्का. त्या शिक्क्यासाठी काका तीन दिवस एका पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या मागे हिंडले होते. म्हणजे काकांची वर्तणूक चांगली असल्याची खात्री गुरांच्या डॉक्टरने दिलेली आहे.

"आता सेल्फ अटेस्टेड चालतं, काका," मुलगी म्हणाली.

"आपणच आपल्याला खरं म्हणायचं? मग खोटं कोण म्हणणार आहे?"

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नाही.

दुसरा धडा, 'स्वतःबद्दल सांगा'. मुलीने नेटवरून पाठ केलेलं म्हणून दाखवलं: शिक्षण, प्रोजेक्ट, एक्सेल, टॅली, आणि मी टीम प्लेअर आहे. काकांना ते फार उघडंबोडकं वाटलं. माणूस म्हटला की त्याला गाव पाहिजे, घराणं पाहिजे. ते स्वतः करून दाखवायला उभे राहिले. "आम्ही मूळचे राजापूरचे. आजोबा तिथल्या पोस्टात..." तिने फोनवर टायमर लावला होता. कंपनीने या उत्तराला दीड मिनिट दिलं होतं. दीड मिनिट संपलं तेव्हा काकांचे वडील अजून मुंबईच्या एसटीत बसायचे होते.

तिसऱ्या धड्यात मात्र खरी जुंपली. 'तुमच्यातला एखादा दोष सांगा' असं विचारतात, हे कळल्यावर काका खुर्चीतून उठलेच. "दोष सांगायचा? आपल्या तोंडाने? अगं, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीच्या बापाने दोष सांगितलेला ऐकलायस कधी?" तिने समजावलं की खरा दोष सांगायचा नसतो, गुणच दोष म्हणून सांगायचा असतो; उदाहरणार्थ, मी परफेक्शनिस्ट आहे. काका बराच वेळ विचारात पडले. अडतीस वर्षांच्या नोकरीत गुण कुणी विचारले नव्हते आणि दोष मेमोतून आपोआप कळत होते. शेवटी म्हणाले, "हे म्हणजे शुद्ध खोटं बोलणं झालं. पण इंग्रजीत आहे, तर असू दे."

पण काका खरे खुलतात ते सामान्य ज्ञानाला. १९८४ साली पॅनेलने त्यांना विचारलं होतं, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कोण? काकांनी खणखणीत सांगितलं, डॉ. मनमोहन सिंग. उत्तर बरोबर होतं. ते १९८२ च्या सप्टेंबरात गव्हर्नर झाले होते. पुढे गंमत अशी झाली की हे उत्तर बढत्या घेत सुटलं. १९९१ साली ते अर्थमंत्री झालं, २००४ साली पंतप्रधान झालं. दर वेळी काकांनी ऑफिसात पेढे वाटले नाहीत एवढंच. काका स्वतः त्या मुदतीत क्लार्कचे हेडक्लार्क झाले होते, पण "मी तेव्हाच सांगितलं होतं" हे वाक्य ते अशा काही सुरात म्हणतात की निवड समितीत तेच बसले होते असं वाटावं. दुसरा प्रश्न होता बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा. १९ जुलै १९६९ ला १४, १९८० साली आणखी ६. हे त्यांनी त्या मुलीकडून घोकून घेतलं. विलीनीकरणांनंतर सरकारी बँका सगळ्या मिळून १२ उरल्यात आणि काकांची बँकही दुसरीच्या पोटात गेली आहे. पासबुकावरचं नाव बदललं, काकांच्या तोंडातलं बदललं नाही.

एक गोष्ट त्यांना कुणी अजून नीट सांगितलेली नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब च्या भरतीतून मुलाखत काढूनच टाकली. सरकारी बँकांतल्या क्लार्कलाही आता पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, स्थानिक भाषेची चाचणी, एवढं केलं की झालं. म्हणजे ज्या जागेवरच्या मुलाखतीच्या बळावर काका गेली चाळीस वर्षं शिकवताहेत, त्या जागेला मुलाखतच राहिलेली नाही. मी सांगणार होतो. पण काकूंनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

काकूंबद्दलही सांगितलं पाहिजे. हॉलमध्ये रंगीत तालीम चालायची तेव्हा त्या पॅनेलच्या सदस्य असत, कारण काकांच्या मते पॅनेल तिघांचं हवं. तिसरी जागा देव्हाऱ्याजवळच्या रिकाम्या खुर्चीला. मुलगी दारावर टकटक करायची, 'मे आय कम इन' म्हणायची, खुर्ची न वाजवता ओढायची, 'बसा' म्हणेपर्यंत उभी राहायची. काका गव्हर्नर विचारायचे. काकू कांदे चिरता चिरता विचारायच्या, "हातात किती येणार? की सीटीसी नुसता कागदावर?" काका दटावायचे, की पहिल्याच मुलाखतीत पैशाचं बोलू नये. काकू पुढे. "नाइट शिफ्ट आहे का? घरापर्यंत गाडी देणार की ठाण्याच्या फलाटावर सोडणार? ओरिजिनल सर्टिफिकिटं ठेवून घेतो म्हणाले तर उठून यायचं. डिपॉझिट मागितलं तर बसायचंच नाही."

या बाईंनी कायदा वाचलेला नाही. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि घरापर्यंत वाहनाची सोय लागते, हे त्यांनी कांदा चिरता चिरता काढलं. मुलीने वहीत लिहून घेतलं ते मात्र काकूंचं. १४ आणि ६ हे तिने काका बघत असताना तेवढं लिहिलं.

मग मुलाखतीची लिंक आली. लिंकच आली, पत्ता नव्हता. काकांनी तोवर ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला दोन तास आधी पोचायचं वेळापत्रक आखून दिलं होतं. मुलीने हळूच सांगितलं की जायचं नाहीये. घरीच लॅपटॉपसमोर बसायचं, पडद्यावर प्रश्न येणार, विचार करायला अर्धं मिनिट, मग कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं. समोर माणूस नसतो.

"माणूस नसतो?" काकांनी विचारलं. "मग नमस्कार कुणाला करायचा?"

"कुणाला नाही."

"आणि 'बसा' कोण म्हणणार?"

"आपलं आपणच बसायचं, काका."

त्या दिवशी धडा लवकर सुटला.

मुलाखत झाली. संध्याकाळी मुलगी सांगायला आली. गव्हर्नर विचारला नाही, राष्ट्रीयीकरण विचारलं नाही, राजापूरचा तर प्रश्नच नव्हता. दोष विचारला, तिने परफेक्शनिस्ट सांगितलं. "आणि शेवटी विचारलं, एआयमुळे या कामातल्या नोकऱ्या जातील असं तुम्हाला वाटतं का?"

काका ताडकन सरळ बसले. "हा माझा प्रश्न आहे!"

आणि होता. बँका आणि युनियन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार १९८३ सालीच झाला होता. संगणक यायचा होता आणि त्याच्या नावाने मोर्चे निघत होते. काकांच्या पॅनेलमधल्या चष्मेवाल्या साहेबांनी शेवटचा प्रश्न तोच टाकला होता: कॉम्प्युटर आला तर क्लार्क जाईल का? काकांनी उत्तर दिलं होतं, "जाणार नाही असं वाटतं, सर, पण एकदा युनियनला विचारावं लागेल." पॅनेल हसलं आणि काका लागले. चाळीस वर्षं सांगितलेल्या या किश्शाला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी मन लावून ऐकणारं भेटलं. मुलीने दोनदा सांगायला लावला. तिने स्वतः काय उत्तर दिलं, हे मात्र काकांनी विचारलं नाही. आपलंच दिलं असणार, असं ते धरून चालले.

नोकरी लागली. पेढ्यांचा पहिला पुडा काकांकडे गेला आणि बिल्डिंगमध्ये काकांचा निकाल शंभर टक्केच राहिला. दोन नवे उमेदवार नावं नोंदवून गेले. हिरव्या फाइलची नाडी पुन्हा सुटली.

वर्ष व्हायच्या आत मुलगी परत दारात. दुसरीकडून बोलावणं आलं होतं. पगार जास्त, शिफ्ट दिवसाची. काकांना आधी समजेचना. लागलेली नोकरी, कन्फर्मेशन झालेली, मुलगी स्वतःच्या पायांनी सोडायला निघाली होती. त्यांनी काकूंना पाणी मागितलं. दुसऱ्या मुलाखतीचा धडा त्यांच्या फाइलमध्ये नव्हता.

"काका, एकच विचारायचंय," मुलगी म्हणाली. "आधीची नोकरी का सोडता, असं विचारतात. काय सांगू?"

काकांचा चेहरा एकदम मोकळा झाला. या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. अडतीस वर्षांत दुसरं कारण त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"त्यात काय," ते म्हणाले. "सरळ सांगायचं. बदली झाली."