ॲव्हरेजचं लफडं

चारचौघांत बोलू नये अशी गोष्ट आहे, पण पार्किंगमध्ये सगळ्यांनाच ठाऊक आहे, तेव्हा तुम्हीही ऐका. चांगली कर्तीसवरती, बालबच्चेवाली माणसं रविवारी सकाळी गॅरेजवर जाऊन बाटली लावायची. हो, बाटली! टाकीची नळी काढायची, 100 मिली पेट्रोलची बाटली हँडलला टांगून कार्बोरेटरला जोडायची आणि गाडी बंद पडेपर्यंत हिंडत राहायचं. 7 किलोमीटर गेली, तर लिटरला 70. स्वारी शीळ घालत घरी. 5 वरच आचके दिले, तर त्या दिवशी घरात कुणी चहासुद्धा मागायचा नाही.

पगार विचारला की आपल्याकडे माणूस हवापाण्यावर बोलायला लागतो. "गाडी किती देते?" विचारा, आकडा तयार! तोही जरा फुगवलेला, स्थळ सांगून येताना मुलाची उंची वाढते तसा. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली, तेव्हा जाहिरात सांगत होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. चाळीस वर्षं झाली. भरलं सगळ्यांनी, झाकणही लावलं. विसरलं मात्र कुणीच नाही.

आणि नाद लागला की माणूस कुठवर जावा? एकाने टाकीत डांबराच्या गोळ्या टाकल्या. कपाटातल्या! त्या पेट्रोलमध्ये विरघळतात खऱ्या, पण पेट्रोल उडालं की त्यांचेच खडे जेटमध्ये जाऊन बसतात आणि कार्बोरेटर खोलायचा खर्च गळ्यात. दुसऱ्याने गुपचूप रॉकेल मिसळलं. इंजिन चढावर असं ठोकायला लागलं की गुपित राहिलंच नाही. तिसऱ्याने नळीला लोहचुंबक बांधलं. पेट्रोल लोहचुंबकाला भीक घालत नाही, पण श्रद्धेपुढे कोण बोलणार!

खरी कुजबुज मात्र मेकॅनिकच्या कानात. "दादा, पेट्रोल जरा कमी करा ना." दादा कार्बोरेटरच्या स्क्रूला अर्धा आटा देतो, गिऱ्हाईक खूश. मग गाडी सकाळी किक मारमारून चालू होत नाही, पिकअप जातो, मिसिंग सुरू होतं. प्लग काढावा तर टोक पांढरंफटक, म्हणजे इंजिन आत भाजतंय. धडधाकट गाडीच्या प्लगचं टोक बदामी असतं.

एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. पिळायला स्क्रूच नाही! बाटलीही गेली. तरी हौस फिटेना, म्हणून आता खंबाटकी घाट उतरताना न्यूट्रल. अहो, इंजेक्शनच्या गाडीत हा उलटा धंदा आहे. गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल सोडला, तर उतारावर पेट्रोलचा फवाराच बंद होतो; न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. शिवाय इंजिनचा ब्रेक सुटतो, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर. चमचाभर पेट्रोलसाठी केवढं हे धाडस!

त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणारच. गंमत अशी की याच इथेनॉलसाठी कारखान्याला ऊस घालणारा बागायतदारच पंपावर उभा राहून "पेट्रोलात दम राहिला नाही" म्हणतो.

आणि ज्याची लाज वाटायला हवी, त्याबद्दल ब्र नाही! एअर फिल्टर उघडा, आत अख्ख्या खडीच्या रस्त्याची धूळ. चेन कुठे ढिली लोंबतेय, कुठे तेलावाचून गंजलीय. इंजिन ऑइल काळंकुट्ट, तरी "अजून हजार किलोमीटर जाईल". मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवून बघा. लगेच अडखळलं, तर ब्रेक धरून बसलाय आणि तुमचं पेट्रोल रोज त्याच्याशी कुस्ती खेळतंय. अर्ध्या क्लचवर सिग्नलला गुरगुरणाऱ्यांची तर नावंच घ्यायला नकोत.

टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, टायर गार असताना, चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्यापर्यंत भरायची असते. पंपावर ती फुकट मिळते.