न आलेल्या वाऱ्यासाठी

रेसिंगच्या वळणाच्या मोटारसायकलला एकसंध हँडल नसतंच. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना दोन बाजूंनी आवळलेले दोन आखूड दांडे असतात. ते धरायचे तर कमरेतून वाकावं लागतं, हनुवटी टाकीकडे न्यावी लागते, आणि बघणाऱ्याला वाटतं, हा गृहस्थ कुणाच्या तरी मागे लागलाय. ही बैठक लंडनच्या बाजूची. 1950-60च्या दशकांत तिथली पोरं एस कॅफेसारख्या हॉटेलांबाहेर गाड्या लावायची, चहा प्यायची आणि ताशी शंभर मैल गाठायला निघायची. त्या वेगात वाकण्याला अर्थ आहे. समोरचा वारा छातीला उचलून धरतो, धडाचा बराच भार तो घेतो, मनगटं हँडलवर नुसती टेकलेली राहतात. ही बैठक एकट्या स्वाराची नाहीच. तिच्यात निम्मा वाटा वाऱ्याचा.

माझी गाडीही याच वळणाची, पण आमच्या बडनेऱ्यात हा भागीदार येत नाही. मे महिन्यात येतो म्हणा, पण तो छाती उचलायला नव्हे, डोळ्यांत धूळ भरायला. जुन्या वस्तीतून नव्या वस्तीत जाताना बकऱ्या, ऑटो आणि रस्त्यातच थांबून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारणारी माणसं यांच्यातून गाडी तिसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जाते. मग धडाचा सगळा भार मनगटांवर. न येणाऱ्या पाहुण्यासाठी रोज पाट मांडावा, तशी माझी छाती रोज पुढे झुकून वाऱ्याची वाट बघायची आणि कोथिंबीर घेऊन परत यायची.

तसं या गावाला घाई नवी नाही, पण ती परगावची. 1867 साली रेल्वेचा मुंबईकडचा मार्ग नागपूरला पोचला तो अमरावतीला दहाएक किलोमीटर बाजूला ठेवून, बडनेऱ्यावरून. तेव्हापासून अमरावतीकर इथे धापा टाकत येतो आणि निघून जातो. बडनेरेकर शांतपणे त्याला वाट देतो. माझ्या वाकलेल्या बैठकीला शोभेलसं काम मिळालं तेही पाहुण्यांना गीतांजली एक्स्प्रेस गाठून देण्याचंच. मागच्या उतरत्या सीटवरून घसरत मामा बॅगेसकट माझ्या पाठीवर ओणवे व्हायचे. लांबून बघणाऱ्याला आमची शर्यत वाटली असेल. आत मामांचं रामनाम चाललेलं असायचं.

अशा वेळी मला राजदूत मोटारसायकलवरचे दूधवाले आठवायचे. दोन्ही बाजूंना कॅन, रुंद उंच हँडल, ताठ पाठ, आणि चेहऱ्यावर निकाल राखून ठेवलेल्या न्यायाधीशाची शांती. 1985 साली आरएक्स 100 आली आणि आम्हा पोरांना ती ताठ पाठ गावंढळ वाटू लागली. त्या माणसांनी रस्त्यात वारा किती आहे हे आधीच मोजलं होतं, असं आता वाटतं. वाऱ्याची उधारी त्यांनी कधी ठेवली नाही.

शेवटी तसंच उंच हँडल बसवायला गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "काका, हँडल तं आत्ता लावून देतो, पण केबल पुरत नाई ना." हँडल वर गेलं की क्लचची, एक्सिलेटरची केबल आखूड पडते, ब्रेकचा पाइपही. सगळं लांब आणलं, ब्रेक ऑइलमधली हवा काढली. मग इंजिन चालू ठेवून त्याने हँडल डावीकडे पार वळवलं, उजवीकडे पार वळवलं आणि कान देऊन उभा राहिला. केबल ताणली गेली तर वळताना गाडी आपोआप रेस होते म्हणे. मूठ कुणी पिळली नसतानाही. मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्या घराण्यात बरेच जण असे आहेत. माझी गाडी मात्र दोन्हीकडे वळून एका सुरात बोलत राहिली.

ताठ बसल्यावर कुंपणांच्या पलीकडचं दिसायला लागलं: वाळत घातलेल्या कुरडया, कुणाच्या अंगणातली ज्वारी निवडणारी आजी, तिने माझ्याकडे बघून उगाच हलवलेली मान. खाली बघून चालवताना मला इतकी वर्षं फक्त खड्डे ओळखायचे.

उतरवलेले दांडे मिस्त्रीकडच्या फळीवर पडले होते. कॉलेजच्या एका पोराने ते उचलले, हातात धरून जागच्या जागीच वाकून पाहिलं.

"घेऊन जा," मी म्हटलं. "पण मनगटं दुखतात."

"ते तुमाले, काका," तो म्हणाला. "माह्याजवळ अजून बम टाइम हाये."