कणी राहिलेला भात

परदेशात गेलो की मला एक आजार होतो. समोर काहीही दिसलं की तोंडातून निघतं, "हे आमच्याकडंपण आहे." मुलाच्या नोकरीमुळे इटलीत तुरीनला राहणं झालं आणि आजार बळावला. सव्हॉय राजांचा राजवाडा दाखवला, तर मी म्हणालो, आमच्या इंदुरी गावात सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी आहे, दरवाजा अजून ताठ उभा, आत कडजाईचं देऊळ. पो नदी दाखवली, तर आमची इंद्रायणी. तुरीनकरांना याचा काही त्रास झाला नाही, कारण मी बोलत होतो मराठीत. सूनबाईला झाला.

खरं म्हणजे राजवाड्यापेक्षा मला समोरची गॅलरी जास्त आवडायची. दोरीवर चादरी, बनियन, आणि मागे एक आजीबाई. त्यांचा तिशी ओलांडलेला नातू खाली उतरला की वरून हाक यायची, मफलर राहिला! तो भर रस्त्यात हातवारे करून वैतागायचा आणि मुकाट्याने जिना चढायचा. हेही आमच्याकडे आहे, पण तेवढं मी बोललो नाही.

आजीबाईंनी रविवारी जेवायला बोलावलं. मी इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन गेलो आणि उभ्याउभ्या भाषण ठोकलं: हा तांदूळ आमच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा, १९८७ सालचा, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला, शिजला की वास शेजारी जातो. सूनबाईने या सगळ्याचं इटालियन केलं, "रिसो." म्हणजे तांदूळ.

मग त्यांचा भात सुरू झाला. तांदूळ धुतलाच नाही. बायकोने माझी बाही ओढली. कोरडाच तांदूळ लोण्यावर परतला, त्यावर पळीपळीने उकळतं भाज्यांचं पाणी, आणि आजीबाईंचा लाकडी चमचा एका जागी ठरेना. धुतला तर वरचं पीठ जातं आणि भात मिळून येत नाही, असं मुलाने समजावलं. बायको पुटपुटली, "आजाऱ्याचा गुरगुट्या." शेवटी किसलेलं चीज पडलं, ताट पुढ्यात आलं, आणि पहिल्याच घासाला दाताखाली कणी! इंदुरीत नव्या सुनेने असा भात वाढला असता तर तिच्या नातवाच्या बारशापर्यंत ती गोष्ट पुरली असती. इथे म्हणे कणी ठेवणं हीच कला. अठराव्या मिनिटाला गॅस बंद. विसाव्या मिनिटाला आजीबाईंच्या लेखी भात वाया. मी नाक मुरडत खाल्ला. तिसऱ्यांदा वाढून घेतानाही नाक मुरडलेलंच होतं.

जेवणानंतर कळलं की आजीबाईंची आई व्हर्चेल्लीकडची. तुरीन-मिलान आगगाडीतून दिसतात त्यातली बरीच भातखाचरं तिथली. १८६६ साली पुरा झालेला कावूर कालवा त्यांना अजून पाणी देतो. आजीबाईंची आई मोंदिना होती, म्हणजे गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून भात बेणणारी मजूर. या बायकांनी १९०६ मध्ये व्हर्चेल्लीत भांडून आठ तासांचा दिवस मिळवला. हे सांगताना आजीबाईंनी आठ बोटं वर केली होती.

मी "आमच्याकडंपण" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझी आई आषाढात इरलं घेऊन आवणीला जायची. उजाडताना चिखलात, अंधारात बाहेर, आणि मग घरी येऊन चूल. तिचे तास कुणी मोजले नाहीत. मी तर नाहीच. हुशार मुलगा म्हणून मी बांधावर पुस्तक घेऊन बसलेला असायचो. तांदळाच्या त्या भाषणात संशोधन केंद्र होतं, साल होतं, आई नव्हती.

पुढच्या रविवारी आजीबाईंनी आमचा इंद्रायणी रांधला. न धुता, लोण्यावर परतून, चमचा फिरवत. त्यांचा निकाल सूनबाईने भीतभीत सांगितला: वास सुरेख, पण फार लवकर मऊ होतो, कणी धरत नाही. तरी आणखी हवाय म्हणे. हवा असेल तर लवकर कळवा, असा निरोप मी दिला आहे. आमच्या बांधापलीकडच्या खाचरांत प्लॉटिंगचे फलक लागले आहेत.