घरचंच तर आहे

जॅम टार्टचा फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तेव्हा टार्ट कच्चेच होते. भाजल्यावर कसे दिसतील याचा भरवसा नव्हता, कच्चे मात्र फार देखणे दिसत होते. खाली एवढंच लिहिलं, ‘अस्सल ब्रिटिश पद्धतीने’. मैदा, लोणी आणि मुरांबा असं लिहिलं असतं तर एकानेही अंगठा दाखवला नसता. ब्रिटिश म्हटल्याबरोबर ज्यांचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते, त्यांनीही टाळ्या पाठवल्या.

टार्टची सगळी विद्या पारीत आहे. मैद्याच्या निम्मं लोणी, चिमूटभर मीठ आणि गोळा जेमतेम जमेल इतकंच गार पाणी. लोणी टणक हवं. ते मैद्यात चोळायचं ते बोटांच्या टोकांनी. तळहात लावायचा नाही, कारण तळहात गरम असतो आणि लोणी वितळलं की खेळ संपला. इंग्रजीत एक बालगीत आहे, १७८२ साली लंडनच्या एका मासिकात छापलेलं. त्यातली बदामची राणी भर उन्हाळ्यात टार्ट करते आणि गुलाम ते पळवतो. पुढे १८६५ मध्ये लुइस कॅरॉलने ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मध्ये त्याच चोरीचा खटला चालवला. तिकडच्या उन्हाळ्यात राणीचं निभावलं. नाशिकच्या मे महिन्यात तिने लोण्याला हात लावला असता तर परातीत लापशी झाली असती आणि गुलाम निर्दोष सुटला असता.

म्हणून मी डिसेंबर गाठला. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली होती. थंडीने द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवून बसले होते आणि मी माझ्या लोण्याच्या विचाराने हरखलो होतो. माणूस एकदा कलावंत झाला की असा निर्दय होतो.

जॅम विकतचा घालणं शक्यच नव्हतं. सुरगाण्याकडे आता स्ट्रॉबेरी पिकते, ती आणली. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असल्यामुळे नुसत्या साखरेवर जॅम धरत नाही, लिंबू पिळावं लागतं. मग थेंबभर जॅम गार बशीवर टाकायचा, क्षणभर थांबायचं आणि बोटाने हळूच ढकलायचा. सायीसारखी सुरकुती पडली की झाला. ही सुरकुती मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवली. बायको म्हणाली, “दिसली.” आणि गेली.

राहता राहिला ओव्हन. आमचा ओव्हन टोस्टरएवढाच, पण ‘आधी तापवून घेतला का?’ असं विचारताना माझा आवाज हलवायासारखा जड होतो. खरं म्हणजे भट्टी काय असते हे ज्यांनी दिवाळीच्या आधी भद्रकालीतल्या बेकरीसमोर नानकटाईच्या रांगेत उभं राहून पाहिलंय, त्यांनी या काचेच्या खोक्याला ओव्हन म्हणूच नये. मैदा, डालडा, पिठीसाखर, वेलची सगळं घरचं. भट्टी तेवढी बेकरीची, तीही रात्रीचे पाव निघाल्यावर उरलेल्या धगीची. आम्हा पोरांचं काम रांग धरण्याचं. पत्र्याच्या ट्रेमध्ये आईने वळलेले गोळे आणि कोपऱ्यातल्या गोळ्यावर आडनावाची चिठ्ठी. भट्टीवाला लांब दांड्याच्या लाकडी फळीवर एकेक ट्रे घेऊन त्या लाल तोंडात असा सरकवायचा की आपण बँकेत दागिने ठेवायला दिले असं वाटावं. मग वाट बघायची. वास सुटायचा, पण तो सगळ्या आडनावांचा मिळून सुटायचा. त्यातला आपला कोणता हे ओळखण्यावरून पैजा लागत. चिठ्ठ्या जळून जात आणि खरी दिवाळी तिथून सुरू होई. “आमच्यावर चारोळी होती!” “आमच्याला तडा नव्हता!” एका साली आमच्याकडे कुणाचा तरी साजूक तुपातला ट्रे आला. आईने पहिला घास घेतला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “भट्टीवाल्याच्या हाताला चव आहे.” तो ट्रे परत द्यायचा विषय घरात निघाला नाही. ज्यांच्याकडे आमचा डालडा गेला त्यांनी तो फराळाच्या ताटात कुणासमोर ठेवला असेल, हा विचार मला अजून अधूनमधून सतावतो. विषय टार्टचा होता.

तर टार्ट झाले. साच्यात पारीची गोल चकती, तिच्यात चमचाभरच जॅम, कारण जास्त घातला तर उकळून उतू जातो आणि गार झाल्यावर चिक्कीसारखा साच्याला धरून बसतो. पंधराएक मिनिटांत कडा सोनेरी झाल्या. संध्याकाळी शेजारीपाजारी जमले. प्रत्येक टार्टमागे मी थोडा इतिहासही वाढला. देवळाली कॅम्पात गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. जहाजं हिवाळ्यातच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली त्याला पावसाळाही इथेच काढावा लागे. कंटाळ्याने डोकी फिरत, इतकी की देवळालीचं नाव इंग्लंडात वेडेपणासाठी प्रसिद्ध झालं. इतकं सगळं खरं आहे. ‘आणि तेव्हा ते हेच टार्ट खात’ हे मी माझ्या जबाबदारीवर जोडलं. “म्हणजे हा आपला स्थानिकच पदार्थ की!” एक काका म्हणाले. मी विनयाने मान झुकवली.

तेवढ्यात मावशी आली. मावशी सिडकोत राहते आणि फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, अनारसे, पण नाव करंजीचं. तिने टार्ट उचलला, उलटा केला, बुडाला नख मारलं आणि म्हणाली, “हे उरलेल्या पारीचं आहे का रे?”

मी चरकलो. कारण जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते हेच होतं. इंग्लंडात मोठ्या पायची पारी कापल्यावर जी कातरण उरते ती पुन्हा लाटून, त्यात जॅम घालून घरातल्या पोरांना गप्प करायचं, हेच या टार्टचं मूळ काम. आपल्याकडे करंजीवर कातणं फिरवल्यावर उरलेल्या कडा तळून पोरांच्या हातावर ठेवतात, तेच हे. सातासमुद्रापलीकडची कातरण मी काचेच्या बशीत, खाली कागदी जाळी घालून, इतिहासासकट वाढत होतो.

“आणि मोहन गार घातलंस?” मावशीने विचारलं. मी तिला शास्त्र समजावलं. लोण्याचा थर पिठाच्या कणांवर बसला की पाणी आत शिरत नाही, ग्लुटेन धरत नाही, म्हणून पारी चिवट होत नाही. ती म्हणाली, “मी कडकडीत घालते. मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने ढकलला की मोडला पाहिजे. तुझं शास्त्र तेच म्हणतं ना?” तेच म्हणत होतं. गार लोण्याने इंग्रज जिथे पोचतो, कढत तुपाने मावशी तिथेच पोचते. फक्त तिच्या वाटेवर कुणी फोटो काढत नाही.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग आमच्या मजल्यावरच्या एक बाई पुढे झाल्या. “तुम्ही ऑर्डर घेता का हो? आमच्याकडे नातवाचा वाढदिवस आहे. पैशांचं काही नाही, तुम्ही म्हणाल ते.” मी लाजलो. मावशीने बाईंकडे नीट पाहिलं. ओळख जुनी होती. दर दिवाळीला करंजीचा भाव ऐकून ‘घरचंच तर आहे, मग एवढे कसे?’ म्हणणाऱ्या त्या याच. सुकं खोबरं किसणं, सारण भाजणं, पारी सुकू नये म्हणून ओल्या फडक्याखाली लाट्या ठेवणं, कढईसमोर तासन्‌तास उभं राहणं, पायाला सूज, यातलं काही त्या भावात धरायचं नसतं, कारण ते घरचं असतं. माझ्या कातरणीला मात्र तोंडाला येईल तो भाव. मला वाटलं होतं मावशी चिडेल. चिडलो मी, आणि तेही माझ्या प्रशंसकावर. असा प्रसंग कुठल्याही कलावंतावर येऊ नये.

बाई गेल्यावर मावशीने विचारलं, “काय लावणार नगाला?”

“छे गं, पैसे कसले! हौस आहे. फुकट देईन.”

“तेच चुकतं तुमचं. तुम्ही हौशी लोक फुकट वाटता आणि मग आम्ही दाम मागितला की लोकांना आम्ही लोभी दिसतो. हौस असेल तर स्वतःच खा.” एवढं बोलून तिने उरलेले टार्ट डब्यात भरले. माझ्यासाठी एक ठेवला, कडेला करपलेला.

टार्टची ऑर्डर शेवटी मावशीने घेतली. बाईंना भाव तिनेच सांगितला. जॅम तेवढा माझा. सुरकुती पडेस्तोवर ढवळणं, लिंबं पिळणं, साचे घासणं हेही माझ्याकडे आलं. येत्या दिवाळीला कातणं फिरवायलाही बोलावलं आहे. मी सहज, उगाच आपला हिशेब असावा म्हणून, मजुरीचं विचारलं.

“तुला कसली मजुरी?” मावशी म्हणाली, “तू तर घरचाच.”