मा. फ्रॅजाइल लेबल यांस अनावृत पत्र

मुक्काम पोस्ट : चेक-इन काउंटर, कोणताही विमानतळ

स. न. वि. वि.

आपले जाहीर अभिनंदन करावे असे बरेच दिवस मनात होते. लाल अंग आणि त्यावर पांढरा पेला, एवढ्या भांडवलावर आपण मिळवलेला लौकिक भल्याभल्यांना जमलेला नाही. पै-पै जोडून घेतलेली गिटार मालक काउंटरवर ठेवतो, तिथली ताई आपल्याला केसवर चिकटवते आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो निर्धास्तपणा येतो, तो विम्याचे हप्ते भरूनही येत नाही. अंगात गोंदाखेरीज काही नसताना इतका विश्वास संपादन करणारे दुसरे एकच क्षेत्र मला ठाऊक आहे. निवडणुका असोत-नसोत, त्याचे नाव इथे नको.

आपण रक्षण करता यात वाद नाही. कोणाचे, एवढाच प्रश्न आहे. आपल्याबरोबर पुष्कळदा एक सहीचा टॅग येतो. त्याच्यावरच्या बारीक अक्षरांचा मथितार्थ असा, की वस्तू नाजूक आहे हे प्रवाशाने मान्य केले, आता तुटली तर आमच्याकडे येऊ नये. मागे रांग, पुढे घाई, सही होते. विमान वाहतुकीच्या १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराचे २६ वे कलम सांगते की करारातल्या जबाबदारीतून अंग काढून घेणारी कंपनीची अट रद्दबातल आहे. हे कलम पाठ करून विमानतळावर येणारा गिटारवादक अजून जन्मायचा आहे. उलट त्याच कराराच्या १७ व्या कलमात एक खिडकी किलकिली ठेवली आहे : सामानाच्या मूळच्या दोषामुळे किंवा गुणधर्मामुळे नुकसान झाले, तर तेवढ्यापुरती कंपनी मोकळी. मग ऐकायला मिळते, “वस्तू नाजूकच होती, साहेब. लेबल नाही का लावलेलं?” आपल्या स्वामिनिष्ठेला दाद द्यावी तेवढी थोडी.

सामान चढवणाऱ्या माणसांबद्दल मात्र मी वाईट लिहिणार नाही. बोइंग ७३७ च्या पोटात माणसाला ताठ उभे राहता येत नाही. गुडघ्यांवर सरकत, एकामागून एक बॅगा आत ढकलत त्याला थप्पी रचायची असते, आणि विमान सुटायची वेळ डोक्यावर असते. अशा माणसाने आपले वाचन करावे ही अपेक्षा आपलीही नसावी. शिवाय लोणच्याच्या बरण्यांपासून देवाच्या तसबिरींपर्यंत सगळ्यांवर आपणच विराजमान. जे सगळीकडे दिसते ते कोणालाच दिसत नाही.

आपल्या घराण्याच्या इतिहासात २००८ चा मार्च महिना सोनेरी अक्षरांत लिहायला हवा. डेव्ह कॅरोल हा कॅनडाचा गायक युनायटेड एअरलाइन्सने हॅलिफॅक्सहून ओमाहाला निघाला होता. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर मागच्या सीटवरची बाई ओरडली, की बाहेर गिटारी फेकताहेत. त्याची टेलर गिटार मोडली. दुरुस्तीला सुमारे १,२०० डॉलर लागले. भरपाई नाकारताना कंपनीने कारण दिले, की चोवीस तासांत तक्रार केली नाही. हेलपाटे घालून दमल्यावर त्याने अर्ज-विनंत्या सोडल्या, गाणे रचले आणि जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर टाकले. काही दिवसांत ते लाखो लोकांनी पाहिले. मग कंपनीला भरपाईची आठवण झाली. कॅरोलने ते पैसे दान करायला सांगितले. टेलर कंपनीने त्याला नव्या गिटारी देऊ केल्या. न्याय मिळाला, असे म्हणूया. फक्त त्यासाठी आधी गायक असावे लागते, आणि बराही.

आता आपल्या अखत्यारीबाहेरचे थोडे सांगतो. गिटार सहसा पोटात फुटत नाही, मानेशी मोडते. लेस पॉलसारख्या गिब्सन गिटारींचे डोके मागे कललेले असते, बहुतेक काळ १७ अंशांत. नटच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागे लाकूड सगळ्यात बारीक, तिथेच मानेतल्या ट्रस रॉड या सळीसाठी आणखी कोरलेले, आणि कलामुळे लाकडाच्या रेषाही आडव्या तुटलेल्या. केस उताणी पडली की धड अस्तरात अडकून जागच्या जागी राहते, खुंट्यांच्या वजनाने डोके मात्र मागे जायला बघते. केसवर ओरखडाही नसतो आणि आत मान मोडलेली असते. म्हणून जाणकार आधी बघतात ते हे, की धड केसमध्ये तसूभर हलत नाही ना. मग मानेखाली नटजवळ आधार, डोक्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टी-शर्ट किंवा मोजे, दाबून नव्हे तर फट भरेल इतके. तारा एखाद-दोन स्वर उतरवायच्या. पार सोडल्या तर आतल्या रॉडचा ताण एकतर्फी होतो. कॅपो, ट्यूनर, कात्री केसमध्ये ठेवायची नाही, कारण हवेत त्यांचा हातोडा होतो. आणि उतरल्यावर थंडगार केस लगेच उघडायची नाही. जुन्या गिटारीचे नायट्रोसेल्युलोज लॅकर अचानकच्या उबेने तडकते. फेंडरवाल्यांना एक जादा सोय आहे. चार स्क्रू काढले की स्ट्रॅटोकॅस्टरची मान सुटी होते आणि धड कपड्यांच्या बॅगेत मावते.

गिटार सोबतच का नेत नाही, असे आपण विचाराल. अमेरिकेने २०१२ मध्ये कायदा करून आणि २०१५ पासून नियम लागू करून ठेवला आहे : चढण्याच्या वेळी वरच्या कप्प्यात जागा असेल, तर गिटारीसारखे लहान वाद्य कंपनीला आत घ्यावेच लागते. भारतात हातातल्या सामानाची मर्यादा साधारण सात किलो, तिन्ही बाजूंची बेरीज ११५ सेंटिमीटर. गिटारीची नुसती लांबीच मीटरभर. पुढचे सगळे दारातल्या कर्मचाऱ्याच्या मूडवर. वेगळे तिकीट काढायचा मार्ग आहे, पण त्यातही लिन हॅरेल या चेलोवादकाचे काय झाले ते ऐका. चेलोच्या सीटचे पूर्ण पैसे भरून चेलोच्याच नावावर हवाई मैल जमवले, म्हणून २०१२ मध्ये डेल्टाने दोघांचीही खाती बंद केली. आपले गवई शहाणे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि परदेश दौऱ्याला अनेकदा इलेक्ट्रॉनिक तंबोरा जातो. भोपळ्याची चिंता मिटली.

जिथे आपला गोंद मुळीच लागत नाही ते खाते म्हणजे कस्टम. मार्टिन डी-२८ ही गिटार १९६९ पर्यंत ब्राझिलियन रोझवूडची होत असे. मग कंपनी भारतीय शिसवीकडे वळली. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून वन्यजीव-व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सर्वांत कडक बंधनात. तशी गिटार सीमेपार न्यायची तर प्रमाणपत्र हवे. भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस अशा कागदांतून सूट मिळाली. म्हणजे जितकी गिटार जुनी आणि मोलाची, तितके कागद जास्त.

आणि हे सगळे करूनही मोडली तर? आंतरराष्ट्रीय प्रवासात २८ डिसेंबर २०२४ पासून कमाल भरपाई १,५१९ एसडीआर, म्हणजे दोन हजार डॉलरच्या आसपास. नवी डी-२८ सुद्धा त्यात येत नाही. देशांतर्गत प्रवासात कमाल २०,००० रुपये. काउंटरवर जादा शुल्क भरून जास्त किंमत जाहीर करता येते, पण हे आपण कधी कोणाला सांगितल्याचे ऐकिवात नाही. आपण फक्त चिकटता.

तेव्हा आपला सेवाकाळ असाच उज्ज्वल राहो. लोणच्याच्या बरण्या आपल्या हवाली. गिटारीपुरती रजा घ्यावी, ही विनंती. कळावे.

आपला,
सही करून फसलेल्यांचा एक मित्र

ता. क. : हे पत्र वाटेत फोडून वाचणाऱ्या गिटारवाल्यांसाठी. काउंटरवर देण्याआधी केस उघडून फोटो काढा. सामानाच्या पट्ट्यापाशीच पुन्हा उघडा. मोडली असेल तर विमानतळ सोडण्याआधी नोंद करा आणि सात दिवसांच्या आत लेखी तक्रार द्या. आठव्या दिवशी कायदाही तुमच्या बाजूने बोलत नाही.