बार भरण्याची प्राथमिक शिकवणी

या शिकवणीला प्रवेश परीक्षा नाही आणि फीही नाही. वयाची अट कायद्याने आहे, अठरा पूर्ण. पण दाखला मागणारा टपरीवाला अजून जन्माला यायचा आहे. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असं 2003 चा कायदा सांगतो. टपरीवाल्याचा यार्ड जरा आखूड असतो, एवढंच.

नवशिक्याने पुडी विकत घ्यायची घाई करू नये. आपल्याकडे चहा मागताना माणूस संकोचतो, तंबाखू मागताना मुळीच नाही. एसटी स्टँडवर, पारावर, बांधकामावर, कचेरीच्या जिन्यात कुणीही मळताना दिसला की जवळ जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, “आमच्या वाटची पण टाका की थोडी.” तो नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. उसन्या दिलेल्या शंभर रुपयांसाठी वर्षभर बोलणं टाकणारा माणूस चिमटीचा हिशेब कधीच ठेवत नाही. हे व्यसन इतक्या सौजन्याने पुढे केलं जातं की नको म्हणणाराच शिष्ट ठरतो.

साहित्य: पुडी, चुन्याची डबी, डावा तळहात, उजवा अंगठा. चुना नखाच्या टोकावर राहील इतकाच. त्याला चवीपुरता समजू नका, खरं काम तोच करतो. चुना अल्कधर्मी; त्याच्या संगतीत पानातलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरतं. ज्या आजोबांनी हे शोधून काढलं त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण प्रयोग पक्का होता. चुना जास्त झाला तर तोंड भाजतं, कातडी सोलवटते. काळजी नको, सोलवटलेल्या जागेतून माल आणखी लवकर आत जातो.

मळून झालं की दोन थापट्या मारून धूळ उडवावी (शेजाऱ्याला शिंका आल्या की मळणी चांगली झाली असं समजावं) आणि चिमूट गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत सारावी. जागा एकच ठरवा आणि रोज तीच वापरा. याचा पुढे डॉक्टरांनाही उपयोग होतो. आपल्या देशात तोंडाचा कर्करोग फार करून याच खाचेत धरतो. “कुठल्या बाजूला ठेवता?” एवढं विचारलं की बॅटरी कुठे मारायची ते त्यांना कळतं.

पहिल्या दिवशी लागेल. डोकं गरगरेल, दरदरून घाम फुटेल, उचकी, मळमळ, कदाचित ओकारीही. ही साधी विषबाधा आहे. हेच निकोटिन एके काळी पिकावरची कीड मारायला फवारत असत. धीर सोडू नका. थोड्या दिवसांत शरीर तक्रार करायचं थांबतं, आणि मग उलटा खेळ सुरू होतो: खाल्ल्याने काही होत नाही, न खाल्ल्याने होतं. चिडचिड होते, हिशेब चुकतो, सकाळी पोट साफ होत नाही. हे शेवटचं कारण तोंडपाठ करून ठेवा. घरच्यांपुढे दुसरं कुठलंही कारण इतकं टिकत नाही.

आपण एकटे आहोत असंही वाटून घेऊ नका. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांपैकी जवळपास एक जण बिनधुराची तंबाखू घेणारा निघाला. धूर काढणारे शंभरात चारसुद्धा भरले नाहीत.

बायकांची तुकडी वेगळी बसते. तिथे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात, आणि मिश्री म्हणून दातांना लावतात. दात घासण्याला व्यसन कोण म्हणणार? “मी नाही बाई तंबाखू खात, नुसती लावते,” असं म्हणत दिवसातून चार वेळा दात घासता येतात. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यापर्यंत कुठला इन्स्पेक्टर येणार? गर्भारपणात लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मतं. ते मात्र “आमच्या घराण्यात मुलं लहानखुरीच” या खात्यात जमा होतं.

वरच्या इयत्तेत गुटखा. राज्यात 2012 पासून बंदी, तेव्हा टपरीवर नाव घेऊन मागू नये, नजरेने मागावा. यातली सुपारी निष्पाप नाही. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये छापून ठेवलं आहे. कर्करोगाच्या आधी ती गालाखाली ताठ तंतू धरवते. आधी मिसळ झोंबू लागते, मग वडापाव दाबून चपटा करावा लागतो, पुढे पाणीपुरी कायमची सुटते. घटक चाचणी घरीच घ्या: आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जातात का? दोन गेली तर प्रगती समाधानकारक. एकच गेलं तर उत्तीर्ण. आकसलेलं तोंड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, आणि या वर्गात विशी-पंचविशीतली मुलं भरपूर आहेत.

पदवीची लक्षणं: गालात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम. दुखत नाही म्हणून “दाढ लागली असेल” म्हणावं. सुरुवातीला कर्करोग दुखत नाहीच. पुढचं शिक्षण परळला, टाटात. जबड्याचं हाड काढतात, तिथे पायातलं हाड बसवतात. गालाला छातीची किंवा मांडीची कातडी लावतात. त्या कातडीला केस असतील तर ते तोंडाच्या आत उगवतात.

वशिल्याने इथे सुटका होत नाही. शरद पवारांची तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया 2004 मध्ये झाली. आपली सवय नडली हे ते स्वतः जाहीर सभांतून सांगतात. आर. आर. आबा 2015 मध्ये तोंडाच्याच कर्करोगाने गेले. वय 57.

अभ्यासक्रम मधेच सोडणाऱ्यांसाठी: पहिले दोन-तीन दिवस फार वाईट जातात, तीन-चार आठवड्यांत तलफ बरीच ओसरते. निकोटिनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं. तोंडात चट्टा दिसत असेल तर वाट न पाहता दाताच्या डॉक्टरकडून आतून तपासून घ्या. कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो. पुडीवरचं चित्र बघवत नसेल तर तिथला नंबर तरी वाचा: 1800-11-2356. तंबाखू सोडायला मदत करणारी ही सरकारी सेवा आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत.